भुऱ्याच्या पाठीवरचं तेल

सेलूत औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. तालुक्याच्या गावात मेडिकलवाला म्हणजे अर्धा डॉक्टर. ताप आला, पोट बिघडलं, बैलाला लागलं, लोक आधी माझ्याकडं येतात आणि मग जमलं तर दवाखान्यात जातात. "दोन गोळ्या घेतल्या म्हणून दुप्पट लवकर बरं होत नसतं, काकू," हे वाक्य मी दिवसातून दहा-वीसदा म्हणतो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे केलं त्याची मला किती लाज वाटली असेल ते कळेल.

भुऱ्या आमचा गावठी कुत्रा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळी बाजारपेठ बंद, मेडिकल तेवढं उघडं. सकाळी शटर उचललं तर खाली हे भुरकट पिल्लू झोपलेलं. उठवलं तर आत आलं आणि सलाईनच्या रिकाम्या खोक्यात जाऊन पुन्हा झोपलं. तेव्हापासून आमचंच. आता वजन 14 किलो. हे मी शेजारच्या खत-बियाणाच्या दुकानातल्या काट्यावर बघितलेलं वजन आहे, त्यामुळं अर्धा किलो इकडंतिकडं.

मागच्या एप्रिलात त्याला गोचिडी झाल्या. आमच्याकडं उन्हाळा तापायला लागला की गोचिडी सुटतातच, पण त्या वर्षी हद्द झाली. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या पट्ट्याखाली. काही मसुराच्या डाळीएवढ्या तांबूस, काही रक्त पिऊन टच्च फुगलेल्या, भिजवलेल्या मनुक्यासारख्या. आई रोज दुपारी त्याला मांडीजवळ घेऊन बसायची आणि एकेक उपटून साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकायची. तिची नजर आता मंद झालीये, पण बोटांना बरोबर सापडायच्या.

त्याच आठवड्यात पुण्याहून पोरीचं पार्सल आलं. ती तिकडं नोकरी करते. तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीनं मांजर पाळलंय आणि त्या दोघींचं सगळं ज्ञान रील्समधून येतं. पार्सलात लाकडी डबी, डबीत काळपट काचेच्या 10 मिलीच्या सहा बाटल्या, वासाच्या तेलांच्या. लव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट, निलगिरी, लवंग आणि लेमनग्रास, म्हणजे आपला गवती चहा. सोबत फोन. "पप्पा, ते केमिकलवालं औषध लावू नका त्याला. हे पूर्ण नॅचरल आहे. टी ट्रीनं गोचीड जवळ पण येत नाही."

मी दुकानात केमिकलच विकतो, पण पोरीला काय म्हणणार.

पहिल्यांदा मी नीट केलं होतं, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. असलं झाडापाल्यातून काढलेलं वासाचं तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइल, थेट कातडीला लावायचं नसतं, दुसऱ्या साध्या तेलात मिसळायचं, एवढं ठाऊक होतं. त्या साध्या तेलाला हे लोक कॅरिअर ऑइल म्हणतात आणि त्यासाठी होहोबा वगैरे सांगतात. आमच्या घरात करडईचं तेल असतं. परभणी जिल्ह्यात राहून होहोबा शोधत फिरायचं म्हणजे विहिरीवर बसून बिसलेरी मागवण्यातली गत. करडईची एक जात तर 'परभणी कुसुम' नावाचीच आहे. तर मी 100 मिली करडईच्या तेलात टी ट्री 1 मिली घातलं, ड्रॉपरनं अंदाजे 20 थेंब. झालं एक टक्का. ते भुऱ्याच्या पट्ट्याला आणि पाठीला थोडं चोळलं. तो शिंकला, धुळीत लोळला, अंग तेलकट आणि मातकट झालं. गोचिडी तशाच.

चार दिवसांनी आणखी वाढल्या. रविवारी दुकान मी बारालाच बंद करतो. जेवण झालं, ऊन रखरखीत, भुऱ्या रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेला. मी डबी काढली. करडईचं तेल काढायला आत जायचा कंटाळा आला, एवढंच कारण. थेट टी ट्रीची बाटली घेतली, मानेवरचे केस बोटांनी बाजूला केले आणि जिथं जिथं गोचीड दिसली तिथं तिथं ओतत गेलो. मानेपासून शेपटीपर्यंत. पायाच्या बोटांतसुद्धा. तो तीनदा शिंकला, मान काढून घ्यायला लागला, तर मी त्याला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं. बाटली खाली ठेवली तेव्हा तळाला थोडंच उरलं होतं. नंतर सिरिंजनं मोजलं: दोन मिली. म्हणजे पहिल्या वेळचं एक मिली वजा जाता सात मिली त्याच्या अंगावर.

सुटल्या सुटल्या तो पाय चाटायला लागला, मग पाठ, पोहोचेल तिथवर. मी चहा पीत बघत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, जखमा साफ करायलाय.

साडेपाचच्या सुमाराला मी त्याला हाक मारली. तो पुढच्या पायांवर उठला. मागचे पाय उठलेच नाहीत. जणू मागचे पाय दुसऱ्याच कुत्र्याचे. मग कसाबसा उभा राहिला आणि दारू प्यायल्यागत झोकांड्या खात भिंतीला टेकला. तोंडातून लाळेची तार लोंबलेली. एप्रिलातल्या त्या उन्हात मानेचं कातडं थरथर कापत होतं, जसं माशी बसल्यावर म्हशीचं कापतं तसं, पण न थांबता.

आई बाहेर आली. "काय चोपडलंस रे ह्याला? कापरासारखा वास यायलाय. मुका जीव है त्यो, सांगल का तुला?"

आमच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर आहेत, गायी-म्हशींतच त्यांचा दिवस जातो. फोन उचलल्या उचलल्या त्यांनी तीन प्रश्न विचारले: "काय लावलं, किती लावलं, कधी लावलं?" माझेच प्रश्न. पोरानं बाटलीतलं औषध पिलं म्हणून धावत आलेल्या बाईला मी हेच विचारतो. मी "टी ट्री" म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि "सात मिली" म्हटल्यावर म्हणाले, "शेठ, तुम्ही? मेडिकलवाले असून?"

पुढं जे सांगितलं ते इथं तपशिलानं लिहितो, कारण त्या वेळी आम्ही नेमकं उलटं करणार होतो. आई मिठाचं पाणी घेऊन तयार होती, उलटी करवायला. डॉक्टर म्हणाले, अजिबात नको. असलं पातळ तेल उलटीबरोबर वर येताना श्वासनळीत उतरतं आणि मग फुप्फुसाचं दुखणं वेगळं. बायको थंड पाण्याचा पाइप ओढत होती. तेही नको, या विषबाधेत अंगाची उष्णता आधीच उतरते. भांडी घासायचं लिक्विड घ्या, कोमट पाणी घ्या, चोळून धुवा, पुन्हा धुवा, वास जाईपर्यंत. नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही आणि ते कातडीवर आहे तोवर आत जिरत राहतं. मग पुसून चादरीत गुंडाळा आणि चाटू देऊ नका.

तिघांनी मिळून त्याला न्हाणीघरात धुतलं. एरवी आंघोळ म्हटलं की हा कुत्रा गच्चीवर जाऊन लपतो. त्या दिवशी फरशीवर हनुवटी ठेवून पडून राहिला, आणि ते बघवेना.

डॉक्टर मोटरसायकलवर साडेसातला आले. कपडे वाळत घालायच्या तारेला सलाईन लटकवली, थरथर कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. रात्रभर मी आणि आई आळीपाळीनं बसलो. सोमवारी तो पाणी प्यायला पण मागचे पाय ओढतच होता. मंगळवारी सकाळी फाटकापर्यंत चालत गेला, खांबावर पाय वर करायला गेला आणि पडला. पडला, पुन्हा उठला आणि दुसऱ्यांदा जमवलं. आईनं लगेच भाकरी कुस्करली.

त्या रात्रींत फोनवर वाचत बसलो होतो. 2014 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या मासिकात एक लेख आलाय. 2002 ते 2012 या दहा वर्षांत तिथल्या प्राणी-विषबाधा केंद्राकडं नोंदवलेल्या शुद्ध टी ट्री तेलाच्या 443 केसेस त्यात तपासल्यात: 337 कुत्री, 106 मांजरं. लाळ, सुस्ती, मागच्या पायांतला जोर जाणं, झोकांड्या, थरथर. लावल्यापासून दोन ते बारा तासांत सुरुवात, कधी कधी 72 तासांपर्यंत मुक्काम. वाचत गेलो तसा अंगणातला कुत्राच वाचत होतो. आणि ज्या गोष्टीनं झोप उडाली ती ही, की बहुतेकांच्या बाबतीत बाटली चुकून सांडलेली नव्हती. मालकांनी मुद्दाम लावली होती. पिसवांसाठी, गोचिडीसाठी, खाजेसाठी. मायेनंच.

आता थोडं दुकानदारासारखं बोलतो. टी ट्री हे ऑस्ट्रेलियातलं झाड. त्याच्या पाल्यात तेल असतं वजनाच्या एक ते दोन टक्के. मी ओतलेल्या सात मिलीला म्हणजे अर्धा किलोच्या आसपास ओला पाला लागला असणार. अर्धा किलो पाला कुत्र्याच्या अंगावर बांधला असता तर तो झटकून मोकळा झाला असता. वाफेनं ऊर्ध्वपातन करून त्या पाल्याचं सगळं तिखटपण एका टोपणाएवढ्या जागेत आणलं की ते पाला राहत नाही, औषध होतं. त्याला डोस आला, वजन आलं, अंगातून बाहेर काढायला यकृताची मेहनत आली. हे मला दहावीच्या पोरानंही सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. पण बाटलीवर हिरवं पान छापलेलं होतं आणि पोरीनं पाठवलेली होती. त्याच बाटलीवर मागच्या बाजूला, भिंगातून वाचावं लागेल अशा अक्षरांत, मुलांपासून आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा असंही छापलं होतं. गिऱ्हाइकाला मी बाटली फिरवून मागचं वाचायला लावतो.

कडूलिंबाचं तेल, करंजीचं तेल, खोबरेल, करडई ही घाण्यातून दाबून काढलेली तेलं. ती जड, अंगाला चिकटून राहणारी. आणि ही बाटल्यांतली उडून जाणारी, वासाची, कातडीतून झिरपणारी. दोन्हींना मराठीत आपण 'तेल'च म्हणतो, आणि माझ्या मते निम्मा घोळ या एका शब्दानं केलाय. पोरीच्या रीलमध्ये "नीम ऑइल" आणि "टी ट्री ऑइल" एकाच दमात होतं. आईनं आयुष्यभर म्हशीच्या अंगाला कडूलिंबाचं तेल चोळलंय, म्हणून तिलाही टी ट्रीत काही वावगं वाटलं नव्हतं. तेल तेच की.

भुऱ्या बरा झाल्यावर दुकानात उभं राहून मी फळ्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. असली तेलं काय पुण्याहूनच येतात असं नाही.

आमची अमृतधारा घ्या. मराठवाड्यात घर नाही जिथं ती बाटली नसेल. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल सारख्या प्रमाणात एका बाटलीत घालायचं, बूच लावायचं. तिन्ही कोरडे खडे. पाच-दहा मिनिटांत काचेच्या तळाला ओल दिसायला लागते, खडे कडेनं वितळायला लागतात आणि बघता बघता बाटलीत पाण्यासारखं पातळ औषध तयार. लहानपणी मला ही जादू वाटायची. फार्मसीला गेल्यावर कळलं की तीन पदार्थ एकत्र आले की त्यांचा वितळायचा बिंदू खाली उतरतो. पोट दुखलं तर साखरेवर दोन थेंब. ठीक, माणसाला दोन थेंब. पण आमच्याकडं लोक कुत्र्याला हगवण लागली तर चमचाभर पाजतात आणि कान वाहत असेल तर कानात घालतात. त्यातला कापूर जास्त पोटात गेला तर झटके येतात, माणसाच्या लेकरालाही येतात. आता कुणी "कुत्र्यासाठी" म्हणून अमृतधारा मागितली तर मी देत नाही. एका गिऱ्हाइकानं त्यावरून माझ्याशी भांडून समोरच्या दुकानातून घेतली. घेऊ दे.

दुसरं गंधपुरा तेल. गुडघेदुखीच्या बामाला जो वास येतो तो याचाच. यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या कुळातलं. पाच मिलीच्या एका चमच्यात सुमारे 7 ग्रॅम सॅलिसिलेट बसतं, म्हणजे ॲस्पिरिनच्या विसेक गोळ्या. म्हातारा कुत्रा लंगडायला लागला की माया करणारा माणूस आपल्या गुडघ्याचं औषध त्याच्या गुडघ्याला लावतो. माणूस आपला गुडघा चाटत नाही. कुत्रा चाटतो, आणि पोटात अल्सर घेऊन बसतो.

आणि तिसरं, ज्याला कुणी इसेन्शियल ऑइल म्हणतच नाही, ते टरपेंटाइन. पावसाळ्यात जनावराच्या जखमेत अळ्या पडल्या की शेतकरी हेच मागायला येतो. "अळ्या मारायचं टरपिन तेल द्या भाऊ." चीड झाडाच्या डिंकातून उडवून काढलेलं, म्हणजे टी ट्रीचा चुलतभाऊच. बैलाच्या खांद्याला डॉक्टर त्याचा बोळा ठेवतात, अळ्या वर येतात, चिमट्यानं वेचतात. त्याला कामाचं म्हणून मान आहे. पण कुत्र्याची जखम त्याच्या जिभेच्या टप्प्यात असते, आणि बोळा ठेवून घरी गेलेल्या माणसाला रात्री तो बोळा कुठं गेला ते कळत नाही. अळ्या पडलेलं कुत्रं असेल तर डॉक्टरकडंच न्या, एवढंच मी सांगतो.

लवंग, दालचिनी, पेपरमिंट, निलगिरी यांचीही तऱ्हा तीच, कमीजास्त. मांजर असेल तर विषयच सोडा. मांजराच्या यकृतात असले पदार्थ पचवून बाहेर टाकायची व्यवस्थाच अपुरी आहे. हे मी पोरीला सांगितलं तेव्हा तिच्या मैत्रिणीच्या खोलीतला, तेलाचा वास हवेत पसरवणारा डिफ्यूझर त्याच रात्री बंद झाला.

हां, आणि भुऱ्याच्या गोचिडीचं काय झालं, ते राहिलंच.

मंगळवारी दुपारी त्याला परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. यकृत कसंय ते बघायला रक्त काढलं होतं. यकृताचे आकडे थोडे वर होते, ते पुढं उतरले. पण प्लेटलेट फक्त 62 हजार. कुत्र्याला दोन लाखाच्या वर असाव्या लागतात. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, मधे जेवण सोडलं होतं का, ताप, नाकातून रक्त? जेवण कमी झालं होतं खरं. आम्ही उन्हाळ्यावर घातलं होतं. तपासण्यांत निघालं एर्लिकिया, गोचिडीतून येणारा ताप. म्हणजे मी पंधरा दिवस वास कुठला चांगला याचा विचार करत होतो आणि गोचीड आपलं काम करून मोकळी झाली होती. तेल घातलं नसतं तर परभणीला गेलो नसतो, हे आईनं दुसऱ्या दिवशी बोलूनही दाखवलं, पण मला धीर द्यायला. मी तो हिशोब मनात जमा धरत नाही.

औषध होतं डॉक्सिसायक्लिन, 28 दिवस. माझ्याच दुकानातल्या तिसऱ्या फळीवरचं, मी रोज हातात घेतो ते. आई ते दुधातून द्यायला निघाली होती. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं, म्हणून दूध नाही. भाकरीच्या घासात गोळी, वर दोन घास नुसते, मग पाणी. अन्ननलिकेत अडकली तर जळते. चौदाव्या दिवशी प्लेटलेट दीड लाखावर आल्या.

आणि गोचिडी कुठं होत्या, तर भिंतीत. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रात्री बॅटरी घेऊन अंगणातली जुनी भिंत बघितली. भुऱ्या जिथं झोपतो त्याच्या बरोबर वर, हातभर उंचीवर, दगडांच्या सांध्यात त्या ओळीनं बसलेल्या. एक फुगलेली मादी पाय काढत सावकाश वर चाललेली. मी तिथंच खाली बसलो. ही जात जन्मभरात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते: पिल्लू असताना, मधल्या वयात आणि मोठी झाल्यावर. दर वेळी रक्त प्यायचं, खाली पडायचं, भेगेत शिरायचं, कात टाकायची. शेवटी मादी भेगेतच हजारो अंडी घालून मरते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचा सगळा गोतावळा भिंतीत. मी कुत्र्याला सुगंध लावत होतो आणि भिंत मजेत होती.

मग गवंडी आणून सांधे सिमेंटनं भरून घेतले, चुना मारला, भुऱ्याचं पोतं जाळलं, पट्टा उकळत्या पाण्यात टाकला. डॉक्टरांनी महिन्याला एक द्यायची चघळायची गोळी दिली. रक्तात उतरते आणि चावलेली गोचीड मरते. असल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये सूचना काढलेली आहे की काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. डॉक्टरांनी म्हणूनच आधी विचारलं, याला कधी झटके आले होते का. सात मिलीनंतरची थरथर सांगितली, ती त्यांनी कागदावर लिहून घेतली, पंधरा दिवस थांबले आणि मग पहिली गोळी दिली. पोरीचं "केमिकल" म्हणतात ते हे. याला वजन विचारतात, आधीचा आजार विचारतात, पाकिटातल्या कागदावर वाईट काय होऊ शकतं तेही छापतात. त्या लाकडी डबीत असला कागद नव्हता.

राहिलेल्या पाच बाटल्यांपैकी लव्हेंडरची मात्र मी एकदा परीक्षा घेतली, दिवाळीत. फटाके सुरू झाले की भुऱ्या पलंगाखाली शिरतो आणि लघवी करतो. लव्हेंडरच्या बाजूनं थोडा पुरावा आहे, ते नाकारत नाही. 2005 मध्ये निवाऱ्यातल्या 55 कुत्र्यांना वेगवेगळे वास देऊन बघितले, तर लव्हेंडर आणि कॅमोमाइलनं ती जास्त वेळ निवांत पडली, कमी भुंकली. पेपरमिंट आणि रोजमेरीनं उलट उठून फिरायला लागली. पुढच्या वर्षी गाडीत बसलं की धिंगाणा घालणाऱ्या 32 कुत्र्यांवर लव्हेंडर बघितलं, तिथंही थोडा फरक पडला. दोन्हीकडं वास हवेत होता, अंगावर नाही.

तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो कपाटावर ठेवला, खोलीचं दार उघडं ठेवलं आणि बघत बसलो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या वीस-तीस कोटींच्या घरात. मला दोन थेंबांचा वास दाराशी गेल्यावर येत नव्हता. भुऱ्या आत आला, हवेत नाक उचललं, कपाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सरळ आईच्या खोलीत निघून गेला. तिथं फटाके जास्त ऐकू येतात. तरी तिथंच थांबला.

शेवटी बायकोनं युक्ती काढली. अडगळीत ठेवलेला कूलर ओढून आईच्या खोलीत लावला, पाणी न घालता, नुसता पंखा, फुल स्पीडवर. ऐन थंडीच्या तोंडावर आई गोधडी डोक्यावरून घेऊन "काय घरघर लावलीय" म्हणून कुरकुरत होती. पण त्या आवाजात बाहेरचा बार बुडून गेला. भुऱ्या कूलरच्या मागं अंग मुडपून झोपला. लघवी नाही, काही नाही. पुण्याला फोन करून सांगितलं, तर पोरगी म्हणाली, "पप्पा, त्याला व्हाइट नॉइज म्हणतात." आम्ही कूलर म्हणतो.

दुकानात आता टी ट्री मागणारे वाढलेत. चेहऱ्याच्या मुरमांना, कोंड्याला. देतो. पण काउंटरवर बाटली ठेवून आधी विचारतो, कुणासाठी? परवा एक कॉलेजचा पोरगा हसला. म्हणाला, "आता तेलाला पण चिठ्ठी लागायली का काका?" कुत्र्यासाठीच हवं होतं. त्याला मी खुर्ची दिली आणि हे सगळं सांगितलं, जरा लांबवूनच. त्यानं शेवटी एक बारीक चिमटा घेतला. गोचीड कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही, वर तेल-रॉकेल काही ओतायचं नाही, ओतलं तर ती पोटातलं कुत्र्याच्या अंगात ओकू शकते, हे मी त्याच्या मनगटावरचा तीळ दाखवून समजावलं.

भुऱ्या विसरलेला नाही. संध्याकाळी दुकान बंद करून येतो तेव्हा फाटकापर्यंत पळत येतो, पण दिवसभरात कुणाला बाम दाखवला असेल, निलगिरीची बाटली हाताळली असेल, तर चार पावलांवर थांबतो. शेपटी हलते, पाय पुढं येत नाहीत. मी मुकाट्यानं रांजणाजवळ जातो आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतो. तो तिथंच बसून बघत असतो. हात पुसून पुढं केला की आधी हुंगतो, दोन्ही बाजूंनी, आणि मग येतो.